सरदारणीला दीड स्टार

रविवार, ८ जून

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, जेवणाच्या टेबलावर, चहाचा पहिला घोट घशात असताना माझा अपमान झाला. तारीख-वेळ आधी लिहून ठेवते. विमा कंपनीत जन्मभर लोकांचे दावे तपासले, तिथली सवय. घटना केव्हा घडली हे ज्याला धड सांगता येत नाही, त्याचा कागद मी कधी पुढे सरकवला नाही.

अपमान करणारा – माझा नवरा. कशाने केला – रविवारच्या पुरवणीतल्या त्यांच्या सिनेमाच्या सदराने.

काल संध्याकाळी धाकट्या बहिणीबरोबर सरदारणीचा सिनेमा पाहून आले. जुन्या काळातली गोष्ट. सरदारणीचा मुलगा बंडात पकडला जातो. सरदाराचा वारस ठरला तर फाशी, कुणी ऐरागैरा ठरला तर सुटका. म्हणून भर कोर्टात आईलाच बोलावतात. न्यायाधीश विचारतो, हा तुमचा मुलगा का? आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जाऊन बसतो तो हलतच नाही. मागे व्हायोलिनं नुसती उसळतायत. शेवटी ती म्हणते, "नाही." अगदी सपाट. चेहरा मात्र सपाट नाही. त्या चेहऱ्यावर जे चाललंय ते बघून मी रडले. मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, मुलींनी चारचौघांत नाक पुसायचं नाही. मी बाहीला पुसलं. रुमाल धाकटीने पळवला होता.

घरी आल्यावर यांना काही विचारलं नाही. यांचा नियम आहे – छापून येईपर्यंत सिनेमावर बोलायचं नाही. हे गुरुवारी सकाळी समीक्षकांच्या खेळाला एकटे जातात, आणि शुक्रवारी पाचच्या आत बाल्कनीत बसून फोनवरून मजकूर सांगतात. मला रविवारी कळतं, बाकीच्या जगाबरोबर.

शिवाय हल्ली पेपर मीच मोठ्याने वाचते. यांना म्हणे बातम्या डोळ्यांनी वाचायचा कंटाळा आलाय, कानावर पडल्या तर बऱ्या वाटतात. म्हणजे माझा अपमान मी माझ्याच तोंडाने, शाळेत शिकवलेल्या खणखणीत उच्चारांत वाचला:

"झुंबरं आहेत, मखमल आहे, कमानींमागे कमानी आहेत. चौकटीच्या चारी कडा ओसंडून वाहतात. मधोमध मात्र कुणीच नाही. नायिकेच्या जागी एक करडी पोकळी आहे. सबंध सिनेमा ज्या एका नकारावर उभा आहे, तो नकार ही अभिनेत्री भाजीवाल्याला 'आज नको' म्हणावं तसा देते. दीड स्टार."

"हे तुम्ही लिहिलंत?"

"नाव आहे ना वर."

"सिनेमा पाहिलात?"

"पूर्ण."

"मग ती बाई कुठे होती?"

"तेच तर लिहिलंय. नव्हती."

आणि टोस्टला लोणी लावत बसले. अर्धं लोणी ताटलीला.

सोमवार, ९ जून

कोपऱ्यावरून बाकीचे सगळे पेपर आणले. सिनेमाला कुणी सोडलेलं नाही. एकाने लिहिलंय, रडारडीचा महापूर. दुसरा म्हणतो, व्हायोलिनवाल्यांना तासावर पगार असावा. खरं आहे ते, मला मान्य आहे. पण सगळे – एकजात सगळे – त्या बाईपाशी येऊन थांबतात. कोर्टातल्या प्रसंगाबद्दल तर एका खडूस म्हाताऱ्याने लिहिलंय, "मी पेन खाली ठेवलं."

सगळे एकीकडे आणि आमचे साहेब एकीकडे.

संध्याकाळच्या पेपरातल्या जाड चष्मेवाल्याने तर टोमणा मारलाय. "आमचे एक ज्येष्ठ मित्र त्या प्रसंगाच्या वेळी बहुधा चहाला गेले असावेत." ते वाचून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माझ्या नवऱ्याला काय बोलायचं ते मी बोलेन. हा कोण?

धाकटीचा फोन. "ताई, भाऊजींना म्हणावं, त्या बाईची माफी मागा."

मी म्हटलं, "त्यांना लिहिण्यातलं कळतं, तुला नाही."

फोन ठेवल्यावर माझाच मला राग आला.

मंगळवार, १० जून

अबोला धरलाय. यांना कळलेलं नाही. बहुतेक शांतता आवडतेय.

बुधवार, ११ जून

अबोला मोडावा लागला. धाकटी दुपारी जेवायला आली ती तोंड पाडून. "भाऊजी माझ्यावर रागावलेत का गं? जिन्यात समोरून आले. मी हसले. त्यांनी शेजाऱ्याला करतात तशी मान हलवली आणि खाली उतरून गेले."

हे परत आल्यावर विचारलं. म्हणाले, "जिन्यात अंधार होता." भर दुपारी बाराला, तो उघडा जिना, आणि अंधार.

आणखी एक. बोलताना हे माझ्या डाव्या कानाकडे बघतात. किती दिवस बघतेय. कानाला काय सोनं लागलंय? नोकरीत एक गोष्ट शिकले – ज्याचा दावा खोटा असतो तो डोळ्याला डोळा देत नाही. म्हणजे यांना ठाऊक आहे आपण चुकीचं लिहिलंय. मग कबूल करायला काय होतं? उद्या टेबलावर बसवून एकेक प्रश्न विचारणार आहे. भल्याभल्यांना घाम फोडलाय मी.

गुरुवार, १२ जून

जसं घडलं तसं, क्रमाने लिहिते.

चहाला बसवलं. म्हटलं, "कोर्टाचा प्रसंग. तिने 'नाही' म्हणायच्या आधी काय केलं?"

"काही नाही. उभी राहिली."

"खालचा ओठ?"

"कुणाचा?"

"तिचा. ओठ आत ओढून घेतला. सोडला. मग मुलाकडे न बघता हसली – हसली अहो, ओळख नसल्यासारखी. आख्खं थिएटर हुंदके देत होतं."

यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चेहरा दाखवलाच कुठे त्यांनी? अंधारातच ठेवलाय सगळा वेळ. या नव्या दिग्दर्शकांना अंधाराचं खूळ आहे."

अंधार! पडदाभर चेहरा होता. इतका उजेड होता की कपाळावरची बारीक लव दिसत होती.

एखादा माणूस खोटं बोलत नाहीये आणि तरी जे सांगतोय ते घडलेलं नाही – अशा वेळी आपण गप्प बसायचं असतं. हे माझ्या डाव्या कानाकडे बघत होते. साखरेचं भांडं मागत होते. भांडं समोरच होतं.

मग मी एक गोष्ट केली. मला स्वतःला अजून पटत नाहीये की मी ती केली. त्यांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर, मी जीभ बाहेर काढली. पूर्ण. सिस्टरांनी पाहिलं असतं तर आठवडाभर कोपऱ्यात उभं केलं असतं.

हे म्हणाले, "साखर दे ना गं. आणि रागावू नकोस, दीड स्टार म्हणजे काही फाशी नाही."

जीभ तशीच बाहेर. मला ती आत घेता येईना.

शुक्रवार, १३ जून

यांनी सगळं सांगितलं. मी ओरडले नाही म्हणून हे घाबरले आणि बोलायला लागले.

डिसेंबरात एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. नजरेचा मधला भाग चाललाय. कडा शाबूत आहेत. म्हणाले, "डोळ्यासमोर मूठ धरल्यासारखं आहे. जिकडे बघावं तिकडे मूठ. रस्ता दिसतो, जिना दिसतो, दाराची चौकट दिसते. बघायचंय ते सोडून सगळं."

म्हणून माझा कान. कानाकडे बघितलं की चेहरा जरा कडेला सरकतो, पाण्यात पडल्यासारखा का होईना. पडद्यावर मात्र चेहरा एवढा मोठा येतो की त्याला सरकवणार कुठे? सगळाच मुठीत जातो. आणि त्यांना खरंच वाटलं होतं की दिग्दर्शकाने अंधार केलाय. कानाला ऐकू आलं ते एवढंच – व्हायोलिनं, आणि एक सपाट "नाही".

स्वतःच्या डोळ्यांना जे दिसलं ते तंतोतंत लिहिलं बिचाऱ्यांनी. झुंबरं, कमानी, चारी कडा. मधोमध कुणीच नाही. मी तो मजकूर पुन्हा वाचला. मग पेपर घडी घालून कपाटावर टाकला.

"डिसेंबरपासून माझ्यापासून लपवलंत?"

"तुझ्यापासूनच. तुला सांगितलं असतं की ते खरं झालं असतं."

"आणि पेपरच्या लोकांना?"

"त्यांना कळलं की सदर गेलं. मग मी काय करू? तुझ्यासमोर बसून भाजी निवडू?"

"निवडता तरी येणार आहे का आता?"

तोंडातून गेलं. माझी जीभ ही अशी. पण हे हसले. खूप दिवसांनी, पोट हलेपर्यंत हसले. चहा गार. मी गरम केला. परत गार.

शनिवार, १४ जून

डॉक्टर म्हणजे एक चिमुरडी पोरगी. यांना फैलावर घेतलं. "काका, इंजेक्शनं घ्यायला सांगितलं होतं. एक घेतलंत आणि गायब झालात. गेलेलं आता परत येणार नाही. राहिलंय ते टिकवायचं."

मला म्हणाली, "काकू, तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

मी तिच्या फीचे पैसे मोजायला लागले. दोनदा चुकले.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "चांगली आहे पोरगी. तुझ्यासारखी बोलते."

रविवार, १५ जून

मीच म्हटलं, चला, पुन्हा बघू. गर्दीत बघू. सकाळी दहाला रिकाम्या हॉलमध्ये, दोन-चार जांभया देणाऱ्या लोकांत बसून असला सिनेमा बघायचा नसतोच मुळी. मॅटिनीची तिकिटं काढली. हॉल बायकांनी खच्चून भरलेला. यांना मधोमध बसायचं नव्हतं, मी बसवलं.

सुरुवातीला मला जमेना. मी कानात सांगितलं, "आता तिला वाईट वाटतंय."

"निष्कर्ष नको. दिसतंय काय ते सांग."

"रडवेली झालीय."

"तोही निष्कर्षच."

म्हटलं, "मग तुम्हीच सांगा, मी गप्प बसते." पण गप्प बसवेना. मग हळूहळू सूर लागला. हनुवटी वर केली. डाव्या हाताने बांगडी मागे सारली. कुणीतरी नाव घेतलं तेव्हा पापणी लवली नाही, पण गळ्याची शीर हलली. यांचं डोकं माझ्याकडे झुकलेलं. लग्न ठरल्यावर पहिला सिनेमा पाहिला तेव्हाही इतक्या जवळ बसलो नव्हतो – तेव्हा मध्ये माझी आत्या होती.

मागून एक बाई म्हणाली, "ओ काकू, हळू जरा."

मी हळू केलं. तर कोर्टाचा प्रसंग येईपर्यंत तीच बाई पुढे वाकलेली. "काकू, काय म्हणालात? शीर कुठली?"

कोर्ट. मी सांगत गेले. ओठ आत घेतला. सोडला. डोळे न्यायाधीशाच्या हातावर. आता मुलाच्या बुटांवर. आता कुठेच नाहीत. हसतेय – एकाच बाजूने, डाव्या. मग ती म्हणाली, "नाही."

यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला.

दिवे लागले, लोक उठले, झाडूवाला आला, तरी हे बसून. मग म्हणाले, "साडेचार."

"वाजले?"

"स्टार. अर्धा व्हायोलिनचा कापला."

सोमवार, १६ जून

यांनी स्वतः संपादिकेला फोन केला. संपादिका म्हणजे यांच्या निम्म्या वयाची, पण हे तिला "बॉस" म्हणतात आणि ती यांना "सर". मी शेजारी बसले, फोन स्पीकरवर.

सगळं तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, हे छापलं तर लोक आधीच्या परीक्षणांबद्दल पण विचारतील."

"विचारतील नाही, मीच सांगतो. डिसेंबरपासूनचे सगळे चेहरे मी अंदाजाने लिहिलेत."

"तो चष्मेवाला तुमची चटणी करेल."

"करू दे. त्या बाईवर अन्याय माझ्याकडून झालाय."

फोन ठेवल्यावर पाणी मागितलं. पेला पकडताना एकदा हवेत हात गेला, दुसऱ्यांदा सापडला. मी मदत केली नाही. त्यांना ती आवडली नसती.

या माणसाने माझ्या माहेरच्यांसमोर माझं कधी कौतुक केलं नाही, माझा वाढदिवस दरवर्षी एक दिवस उशिरा आठवतो, आणि आज मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. भांडी घासली.

रविवार, २२ जून

छापून आलं. मीच वाचून दाखवलं. यांनी स्वतः रचलेलं, तरी मान खाली घालून परक्याचं असल्यासारखं ऐकत होते.

"दोन आठवड्यांपूर्वी या जागी मी एका अभिनेत्रीला करडी पोकळी म्हटलं. ती पोकळी पडद्यावर नव्हती, माझ्या डोळ्यांत होती. मी तिचा आवाज ऐकला आणि चेहरा गृहीत धरला. या बाईने आपला सगळा अभिनय आवाजातून काढून घेऊन चेहऱ्यावर ठेवला होता – नेमका माझ्या हाताला लागणार नाही अशा जागी. सिनेमा अजूनही भडक आहे, लांब आहे, आणि व्हायोलिनं कुणीतरी जप्त करायला हवीत. पण तिच्यासाठी जा. मी एका जाणकार व्यक्तीच्या कानात बसून तो पाहिला."

"कानात बसून? उलट आहे ते," मी म्हटलं. "मी तुमच्या कानात बसले होते."

"छापून गेलं आता."

आणि जाणकार व्यक्ती! नाव घालायला शाई संपली होती?

धाकटी फोनवर बोलूच शकली नाही, नुसतं नाक ओढत होती. "भाऊजींना सांग..." म्हणाली आणि फोन ठेवला. काय सांगू ते सांगितलंच नाही.

संध्याकाळच्या पेपरात चष्मेवाल्याची एक ओळ. "चहाबद्दलचं वाक्य मागे घेतो." बस्स. माणूस वाटतो तेवढा वाईट नाही. वाक्यरचना मात्र वाईटच.

मंगळवार, २४ जून

संपादिका घरी आली. वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा आणला होता, पण मुद्द्यावर लगेच आली. "वरचे लोक म्हणतात, सरांना सन्मानाने निरोप देऊ. मी म्हणते, सदर चालू ठेवू. काकू बघतील आणि सांगतील, सर लिहितील. नाव दोघांचं."

मी चहा ओतत होते. थांबले.

हे म्हणाले, "नाही."

"का, सर?"

"उसन्या डोळ्यांनी समीक्षा होत नाही. एका सिनेमाला जमलं, कारण तो तिने आधी पाहिला होता. एरवी ती निष्कर्ष सांगते. 'बाई छान रडली' यावर मी काय लिहू? आणि थिएटरात कुजबुजलेलं हवेत जातं. मला शब्द हातात लागतात."

मी म्हटलं, "ज्यांना समोरचं साखरेचं भांडं दिसत नाही त्यांनी माझ्या निष्कर्षांना नावं ठेवू नयेत."

संपादिका हसू दाबत होती. जाताना दारात मला हळूच म्हणाली, "काकू, नेहमीची वेळ – शुक्रवारी पाचपर्यंत. सर हो म्हणाले तर सदर, नाहीतर निरोपाचा मजकूर. त्यापुढे मला थांबवता येणार नाही."

रात्री जेवणं झाली तरी हे टेबलापासून उठले नाहीत. नुसते बसून होते, दोन्ही हात टेबलावर पालथे. निरोप दिलेला माणूस कसा दिसतो ते मला आत्ताच दिसलं. मला तो घरात नकोय.

बुधवार, २५ जून

सकाळी यांनी अट सांगितली. सदर दोघांचं चालेल, पण आधी माझा एक नमुना हवा. तीनशे शब्द. निष्कर्ष एकही नाही, फक्त दिसतं ते. तोंडी चालणार नाही, तोंडी मी वाद घालते. लिहायचं आणि यांना वाचून दाखवायचं.

म्हटलं, "बरं. कुठला सिनेमा?"

"सिनेमा नाही. तुझा चेहरा. डिसेंबरपासून मी तो पाहिलेला नाही. लेखी दे. शुक्रवारी पाचच्या आत."